रिकाम्या गाडीचं वजन

१

वहिनींचं गंजाशी तीस वर्षांचं वैर. दवाखान्यांच्या लोखंडी खाटा करणाऱ्या कारखान्यात त्या रंगखात्यात लागल्या, त्या निवृत्त होईपर्यंत तिथंच होत्या. खात्यात नवं माणूस आलं की पहिल्याच दिवशी त्याला सुनवायच्या, "गंजाला कारण लागतं. एक तर तेलकट हात लागलेला असतो, नाही तर ओल राहिलेली असते, नाही तर घाई झालेली असते. चौथं कारण मला अजून भेटलेलं नाही."

निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी कॉम्प्रेसर बसवून घेतला. त्याच खोलीच्या उरलेल्या अर्ध्या भागात त्यांच्या दिरांचा लेथ होता. दीर वहिनी म्हणायचे म्हणून हार्डवेअरवाला वहिनी म्हणायला लागला, मग टेम्पोवाला, मग सगळी गल्ली. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात वहिनी आणि भाऊजी ही दोनच माणसं. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "घरात बोलणारं माणूस एकच बरं," आणि ते बोलणारं माणूस कोण याबद्दल ऐकणाऱ्याला शंका राहू नये इतकं बोलत सुटायचे.

छंदवाल्या लोकांची कामं त्यांच्याकडे यायची. वाफेची छोटी इंजिनं, तोफा, रणगाडे. पण छोटी म्हणजे खेळण्यातली नव्हेत. चांगली चार-चार फूट लांब, पोलादी पत्र्याची, उचलायला तीन माणसं लागतील अशी. भाऊजी सुटे भाग कातून द्यायचे, वहिनी रंगवायच्या.

तो रणगाडा टेम्पोतून आला तेव्हा त्याच्याबरोबर एक ग्रंथपाल बाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, बोलताना आवाज खालच्या पट्टीत ठेवायची जन्माची सवय. रणगाडा त्यांच्या यजमानांनी केलेला. अकरा वर्षं लागली होती. यजमान मागच्या वर्षी गेले, आणि तळमजल्याच्या ओलसर खोलीत गाडीच्या खालच्या अंगाला गंज चढला.

"वरचं सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "फक्त चाकं, आर्म, स्प्रिंगा. ते हलत नाहीत आता. हलायला हवेत."

"चालवायचा आहे का?" भाऊजींनी विचारलं. "आत मोटर तर दिसत नाही."

"नाही. चालवायचा नाही." बाईंनी एका चाकाला बोट लावलं. "पण हलायला हवेत."

वहिनी खाली वाकल्या. एकेका बाजूला सात चाकं, प्रत्येक चाक एका आर्मवर, प्रत्येक आर्ममागे एक स्प्रिंग. चौदाच्या चौदा आर्म गंजानं जाम. त्यांनी अंगठ्याच्या नखानं एक पापुद्रा उचकटला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तीन आठवडे. परत गंज दिसला तर माझं नाव बदला."

२

काम ठरलेल्या वाटेनं चाललं. भाऊजींनी आर्म सोडवले, प्रत्येकावर नंबर ठोकला. वहिनींनी ते थिनरनं पुसले, वायर ब्रशनं घासले, गंज मारायच्या रसायनात बुडवले, धुतले, गरम हवेनं कोरडे केले. मग प्रायमर, मग रेड ऑक्साइड, मग वरचा मळकट हिरवा रंग, दोन पातळ हात. प्रत्येक हातानंतर सगळे भाग तारेवर टांगायचे. खोलीत आडव्या तारा होत्या, त्यांवर चौदा आर्म ओळीनं वाळत घातलेले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कोणाच्या तरी मोज्यांचं दुकान वाटतंय." काम मनासारखं चाललं की ते दातांतून एका अर्धवट धुनेची शीळ घालत. ती धून पुढं कधी जायची नाही, तिथंच वळून परत यायची.

स्प्रिंगा मात्र गेल्या कामातून. भाऊजींनी नव्या करून आणवल्या. जोडणी झाली त्या दिवशी रणगाडा पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर टेबलावर उभा राहिला. बाईंनी दिलेल्या यजमानांच्या नकाशात गाडीच्या पोटाचं जमिनीपासूनचं अंतर लिहिलेलं होतं: पंच्याहत्तर मिलिमीटर. भाऊजींनी व्हर्नियर लावला.

"पंच्याहत्तर. एक केस इकडं नाही की तिकडं नाही." त्यांनी खडूनं भिंतीवर आकडा लिहिला आणि वहिनींना वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. "आता मला मरायला हरकत नाही."

"आधी टेबल पुसा," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सहज म्हणून व्हर्नियर लावला. त्र्याहत्तर.

"स्प्रिंग बसते थोडी," भाऊजी म्हणाले. "नवी आहे. अंगावर वजन आलं की दबते, मग थांबते. माणसासारखंच आहे."

हे खरंच होतं. खाटांच्या स्प्रिंगाही बसायच्या. वहिनींनी भिंतीवर पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहिला आणि त्या कामाला लागल्या. दोन दिवस त्र्याहत्तरच राहिलं. स्प्रिंग बसली होती, थांबली होती. विषय संपला होता.

तिसऱ्या दिवशी बाहत्तर झालं. मग सत्तर.

३

वहिनींना अंतरापेक्षा रंगाचा राग आला.

डाव्या बाजूचा सगळ्यात पुढचा आर्म. तो पूर्ण वर दाबला गेला तर जिथं पोटाच्या ठोकळ्याला टेकतो, तिथं त्यांचा रंग घासून गेला होता. रेड ऑक्साइड गेला होता, प्रायमर गेला होता, आणि खालचं लोखंड आरशासारखं चकचकीत झालं होतं. खड्ड्याखळग्यांतून वर्षभर पळालेल्या गाडीचा आर्म असा होतो. ही गाडी टेबलावरून हलली नव्हती.

"तुम्ही दाबून बघितलं का?" त्यांनी विचारलं.

"हातानं? दोन्ही हात लावून लोंबकळलो तरी तो तिथपर्यंत जायचा नाही."

"मग रंग कसा गेला?"

"प्रायमर नीट बसला नसेल."

भाऊजींनी हे सहज म्हटलं, पण वहिनींनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते लेथकडे निघून गेले. तीस वर्षांत त्यांच्या प्रायमरला कोणी असं बोललं नव्हतं.

त्यांनी तो भाग घासून पुन्हा रंगवला. सकाळी रंगवला, दुपारी तो वाळला, संध्याकाळी चहाच्या वेळी तिथं नखाएवढं लोखंड चमकत होतं.

मग दोघांनी मिळून वरचा घुमट उचलून बाजूला ठेवला आणि आत विजेरी मारली. आत काही नव्हतं. स्वच्छ पोलादी तळ, कडेनं रिबिटांच्या ओळी. पुढं डावीकडे बाईंच्या यजमानांनी चालकाची खुर्ची केली होती, तळहातात मावेल एवढी, खऱ्या चामड्याची. तिच्यासमोर पत्र्यात बोटभर लांबीची फट, चालकाला बाहेर बघायला. भाऊजींनी आत हात घालून तळ चाचपला. वजन म्हणावं असं काही नाही. बोल्टसुद्धा सुटून पडलेला नाही.

"ड्रायव्हर जेवायला गेलाय," ते म्हणाले.

वहिनी हसल्या नाहीत. त्या खुर्चीकडे बघत होत्या. चामडं मध्यभागी दबलेलं होतं आणि कडांना झिजून गुळगुळीत झालं होतं. कारागीर माणूस हौसेनं करतो अशा गोष्टी, त्यांनी स्वतःला सांगितलं. नवं चामडं जुनं दिसावं म्हणून घासतात. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की भाऊजी अजून हात आत घालूनच उभे आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी फार छान ऐकू येत असल्यासारखं समाधान आहे.

"काढा हात," त्या म्हणाल्या.

"अं? हो, हो."

४

भाऊजी दिवसेंदिवस खुश दिसायला लागले. जेवण झालं की वामकुक्षी घेणारा माणूस, आता ताट उचललं की थेट मागच्या खोलीत. काम काहीच उरलेलं नव्हतं. स्टूल ओढून रणगाड्यासमोर बसायचे आणि शीळ घालायचे. वहिनी काही बोलल्या तर उत्तर यायचं, पण जरा उशिरानं, लांबच्या खोलीतून आल्यासारखं.

"हलकं हलकं वाटतंय हो वहिनी," एकदा ते म्हणाले. "दादा गेल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

लेथपुढं तासन्‌तास उभं राहायला लागतं म्हणून तिथं रबराची जाड, मऊ चटई घातलेली होती. वहिनी तिच्यावर उभ्या राहिल्या की पाऊल बोटभर खाली जायचं. त्या दिवशी भाऊजी एक वॉशर कातत होते आणि वहिनींची नजर त्यांच्या पायांकडे गेली. चटई सपाट होती. ते चटईवर उभे होते, त्यांचे बूट चटईला टेकलेले होते, आणि चटई सपाट होती.

रबर कडक झालं असेल. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं पाऊल बोटभर खाली गेलं.

त्यांनी भाऊजींना चप्पल घालायला लावली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे नेलं. तिथं वजनाचा काटा होता. भाऊजींचं वजन कायम अडुसष्ट, हे मेडिकलवाल्यालाही पाठ होतं. काटा एकावन्नावर थांबला.

"सतरा किलो कमी!" मेडिकलवाला म्हणाला. "काका, काय आजारी-बिजारी?"

"छे. तब्येत ठणठणीत आहे." भाऊजींनी शर्ट वर करून पट्टा दाखवला. "बघ. त्याच भोकात आहे."

तो त्याच भोकात होता. गाल तेच, पोट तेच, दंड तेच. मेडिकलवाल्यानं शंका येऊन स्वतः काट्यावर उभं राहून बघितलं. काटा बरोबर होता. वहिनी उभ्या राहिल्या. बरोबर होता. भाऊजी पुन्हा उभे राहिले. एकावन्नाला जरा कमीच.

"डॉक्टरांना दाखवून घ्या," मेडिकलवाला म्हणाला. हसत म्हणाला, पण त्यानंतर तो काउंटरच्या मागंच राहिला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. सगळं उत्तम निघालं. घरी आल्यावर वहिनींनी पायातली चप्पलही काढली नाही. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी व्हर्नियर लावला. सहासष्ट. त्यांनी आकडा भिंतीवर लिहिला नाही. खडू हातात घेतला होता, तो परत ठेवला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भाऊजींना हट्टानं पलंगावर झोपवलं. ते झोपले हे बघून त्या मागं गेल्या आणि दाराला आतून कडी घातली.

त्यांचा विचार साधा होता. छताच्या तुळईला चेन पुली होती. रणगाडा साखळीनं उचलायचा. चाकं हवेत गेली की स्प्रिंगांवरचं वजन जातं आणि चौदाही आर्म खाली लोंबतात. मग एकेक आर्म हातानं हलवून कुठं काय अडतंय ते बघायचं. काहीतरी अडत असणार. कारण लागतं.

साखळी ओढताना त्यांना घाम फुटला. गाडी टेबलापासून वीतभर वर गेली, आणि आर्म खाली आले. त्यांनी मोजले. उजवे सात. डावे सहा.

डावीकडचा पहिला आर्म वरच होता. त्याच्याखाली टेबल नव्हतं, काहीच नव्हतं. चाक हवेत होतं, आणि आर्म पोटाच्या ठोकळ्याला घट्ट टेकून राहिला होता, खालून कोणी रेटा दिल्यासारखा.

गंज नाही. जाम नाही. वहिनींनी चाक धरून खाली ओढलं. आर्म आला. सुरळीत आला, ग्रीसमध्ये फिरला. आणि मग हळूच, घाई न करता, परत वर गेला. त्यांना खाटांचा कारखाना आठवला. तपासणीसाठी खाटेवर माणूस झोपवायचे आणि खालून स्प्रिंगला हात लावून बघायचे. वरच्या माणसानं श्वास घेतला तरी हाताला कळायचं. तसं कळत होतं.

मागं शीळ वाजली. तीच अर्धवट धून.

"उठलात का?" वहिनी वळून म्हणाल्या. मागं कोणी नव्हतं. कडी लागलेली होती. दाराशेजारी खिडकी होती, आणि खिडकीतून अंगणापलीकडची भाऊजींची खोली दिसत होती. भाऊजी पलंगावर उताणे झोपले होते, तोंड उघडं. त्यांच्या अंगाखाली गादी अजिबात दबलेली नव्हती.

शीळ चालूच होती. तिला पत्र्याचा घुमारा होता.

वहिनी सावकाश रणगाड्याकडे वळल्या. घुमट काढलेलाच होता. वर ट्यूबलाइट होती, तिचा उजेड आत पडत होता आणि पुढच्या त्या बोटभर फटीतून बाहेर येत होता, एक पांढरी रेघ. फट त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला होती. त्या बघत असताना ती रेघ खालच्या कडेपासून वरपर्यंत काळी होत गेली. एकदम नाही. खुर्चीत रेलून बसलेला माणूस बाहेर कोण आलंय ते बघायला सावकाश पुढं वाकतो, तशी.

शीळ थांबली.

वहिनींनी साखळी सोडली नाही, ही त्यांच्या हातांची सवय. एकेक कडी करत त्यांनी गाडी खाली उतरवली, चाकं टेबलाला लागली, तेव्हा दाराची कडी काढली आणि अंगणात येऊन पायरीवर बसल्या. दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्या खेपेला टेम्पोवाल्याला लागला.

"आत्ता ये," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

६

भाऊजी बरोबर आले. रणगाडा धरायला मागं बसतो म्हणाले. बाईंच्या फाटकाशी टेम्पो थांबला तेव्हा मात्र खाली उतरेनात. "पाय जमिनीला लागतायत असं वाटत नाही," असं म्हणून गोड हसले. टेम्पोवाल्यानं शेजारच्या दुकानातले दोन हमाल बोलावले आणि रणगाडा बाईंच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या ओट्यावर नेऊन ठेवला. माणसं बाहेर गेली.

ग्रंथपाल बाईंनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाच्या खणातून त्यांनी एक पोलादी पट्टी काढली, खाली वाकल्या, पोटाखाली लावली.

"पासष्ट," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. "त्र्याहत्तरपर्यंत दबते ती ह्यांच्या वजनानं. बाकीचं कोणाचं?"

वहिनींना वाटलं होतं की आपल्याला सगळं समजावून सांगावं लागेल, आणि समोरची बाई आपल्याला वेड्यात काढेल. तशी तयारी त्या करून आल्या होत्या. ती सगळी तयारी वाया गेली.

"माझे दीर," त्या म्हणाल्या. "बाहेर बसलेत. काट्यावर एकावन्न भरले. आज त्याहून कमी असतील."

बाई खुर्चीत बसल्या. "हे शेवटी किती भरत होते कुणास ठाऊक. दवाखान्यात दोघा जणांनी स्ट्रेचरवरून उचललं, तर हातातून वरच उडाल्यासारखे झाले. दोघंही घाबरले. अंगानं तसेच होते हो. पट्टा त्याच भोकात." त्या खालच्या आवाजात बोलत होत्या, शेजारच्या टेबलावर कोणी वाचत बसलं असावं तशा. "मग ही गाडी जाम झाली. गंजानं धरली. आत त्यांना किती धक्के बसत असतील, असं मला रोज वाटायचं. म्हणून तुमच्याकडे आणली."

"माझ्या दिरांना का ओढलं?"

"कोणी ओढत नाही. ह्यांना मी हजारदा विचारलं, तिथं आत काय आहे? म्हणायचे, काही नाही, बसायला बरं वाटतं." बाईंनी डोळे पुसले. "मी हाक मारायची. जेवायला चला म्हणायची. आलोच म्हणायचे. मग मी हाक मारणं सोडलं. आपल्याला कामं असतात."

वहिनींना भाऊजींचं ते लांबच्या खोलीतून आल्यासारखं उत्तर आठवलं. त्यांना आठवलं की गेला आठवडाभर त्यांनीसुद्धा हाक न मारता भाऊजींचं रात्रीचं ताट झाकून ठेवून दिलं होतं. येतील तेव्हा येतील.

त्या रणगाड्यापुढं गेल्या. फटीत बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पत्र्यावर हात ठेवला. काय बोलायचं? देवाधर्माचं त्यांना काही येत नव्हतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. रोजच्याच आवाजात, जरा चढ्या. "चला, पानं घेतली आहेत. निवतंय सगळं."

काही झालं नाही.

"ऐकू येतंय ना? एकटीनं जेवायचा मला कंटाळा आलाय. चार वर्षं झाली, हे गेल्यापासून तुमची बडबड ऐकत जेवते मी. आता त्याशिवाय घास उतरत नाही. उठा म्हणते ना!"

डावीकडचा पहिला आर्म खाली आला. टक्. मग दुसरा दबला, सुटला. मग तिसरा. गाडीच्या आतून कोणी पुढून मागं चालत गेल्यासारखी सातही चाकं एकामागून एक दबत आणि सुटत गेली. मग उजव्या बाजूनं तेच, जरा जड, जरा रेंगाळत. शेवटचं चाक सुटलं आणि अख्खी गाडी ओट्यावर हलकेच उचलली गेली, माणूस उतरल्यावर होडी उचलली जाते तशी.

खोलीत काही दिसलं नाही. खिडकीचा पडदाही हलला नाही. फक्त उंबऱ्याजवळची फरशी, जी थोडी निखळलेली होती, ती वाजली. आणि लगेच पुन्हा एकदा वाजली.

बाई खाली वाकल्या. त्यांनी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

"पंच्याहत्तर," त्या म्हणाल्या. त्यांनी मान वर केली. "अहो, पंच्याहत्तर म्हणजे... म्हणजे हेही उतरले."

७

वहिनी बाहेर आल्या तेव्हा टेम्पोवाला मागच्या चाकापाशी उकिडवा बसून खाली बघत होता.

"वहिनी, गाडी रिकामी केली ना आपण?"

"केली की. तुझ्यासमोर केली."

"मग हे पाटे का बसलेत?" त्यानं बोट दाखवलं. चाकावरच्या कमानीचे पाटे सपाट झाले होते. "रणगाडा होता तेव्हासुद्धा इतके दबले नव्हते. आत्ता बसलेत. मी इथं उभाच होतो. खाडकन आवाज झाला."

मागं फळीला टेकून भाऊजी बसले होते. गालांवर रंग आला होता. वहिनींना बघून ते तोंड भरून हसले.

"काय हो, किती वेळ! पोटात कावळे ओरडायला लागले. पानं घेतली म्हणालात ना?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात लांब करून भाऊजींचा दंड धरला. तो चांगला भरीव, जड लागला. हात जरा उचलून पाहावा म्हणून त्यांनी जोर लावला, तर हात जागचा हलला नाही. दोन्ही हातांनीही हलला नाही.

घरातून बाईंचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मोठ्यानं बोलत असाव्यात, आवाज फाटत होता. आधी पुढच्या खोलीत, मग आतल्या, मग न्हाणीघराकडे. त्या घरभर शोधत होत्या.

"अहो! अहो, कुठं आहात?"

"ओ," भाऊजी म्हणाले.

आवाज भाऊजींचाच होता. म्हणून झाल्यावर तेच दचकले. भलत्याच्या हाकेला ओ दिल्यावर माणूस ओशाळतो तसे ओशाळून त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "मला नव्हती ना हाक?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"अहो!"

"ओ."

या वेळी त्यांनी ओशाळून पाहिलं नाही. ते घराकडे बघत होते, आणि त्यांचा एक हात उठायला आधार शोधत फळीवर सरकत होता. दुसरा हात मात्र वहिनींच्या मनगटाला घट्ट धरून होता.

घरात एक दार उघडल्याचा आवाज झाला. बाई मागच्या अंगणात गेल्या होत्या. तिथून फाटकाशी यायला त्यांना फार तर मिनिट लागलं असतं. एका मिनिटात काय काय करता येतं याचा वहिनींनी विचार केला. बाईंना हाक मारता येत होती. इथं या, इथं आहेत, असं सांगता येत होतं. आणि मग दोघींनी मिळून काय केलं असतं? कोणाला कसं सोडवलं असतं? सोडवताना कोण आलं असतं आणि कोण राहिलं असतं?

त्यांनी मनगट सोडवून घेतलं, मागची फळी वर केली, दोन्ही कड्या घातल्या. पुढं येऊन टेम्पोवाल्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "चल."

"वहिनी, अशा पाट्यांवर..."

"सावकाश ने. पण चल."

इंजिन कण्हलं. टेम्पो जागचा हलला तो भरल्या गाडीसारखा. आरशात बाई फाटकाशी आलेल्या दिसल्या. त्या टेम्पोकडे बघत नव्हत्या. रिकाम्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघत होत्या आणि हाका मारत होत्या. प्रत्येक हाकेला मागून फळीआडून, न कंटाळता, "ओ" येत होती.

कोपरा आला. टेम्पो वळला, घर मागं गेलं, आणि हाका ऐकू येईनाशा झाल्या. टेम्पोवाल्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. तो समोरच बघत होता, वहिनीही समोर बघत होत्या.

मागून "ओ" येतच राहिली.